टाचणीची ट्रॉली

टाचणीला कुणी "हे तुला झेपायचं नाही" म्हणालं की ते काम झालंच म्हणून समजा. लहानपणी अंगाने काडी आणि जिभेने तिखट, म्हणून थोरल्या भावाने तिला हे नाव ठेवलं. आता पन्नाशी आली, केस पिकले, तरी गल्लीत तिला दुसऱ्या नावाने कुणी ओळखत नाही. सोफे, खुर्च्या, दवाखान्यातली बाकं, ज्यावर म्हणून माणूस बसतो आणि जे म्हणून फाटतं, ते सगळं ती शिवून देते.

वडिलांचा हाच धंदा. ते गेल्यावर वाटणी अगदी सरळ झाली. टेम्पो दादाला, शिलाई मशीन टाचणीला. सरळ कसली डोंबलाची! मशीन जाड रेक्झिन शिवणारं, बिडाचं, उचलायला दोन माणसं लागणार. टेम्पोशिवाय ते दाराबाहेर पडेना. म्हणजे टाचणीने कामाला कधी जायचं हे दादा ठरवणार. आधी दादाची भाडी, मग वेळ उरला तर बहीण. ती बिचारी डबा मांडीवर घेऊन पायरीवर बसायची. बिचारी म्हणजे काय, मनातल्या मनात शिव्या हासडत बसायची. आणि दादा भर दुपारी उगवून म्हणायचा, "अगं, खुर्च्या काय पळून जातायत का?"

खुर्च्या नाही पळाल्या, गिऱ्हाइकं पळाली. केस कापण्याच्या दुकानातल्या सगळ्या खुर्च्यांचं काम असंच हातचं गेलं, त्या दिवशी ती घरी आली, भरलेला डबा ओट्यावर आदळला आणि वहिनीला म्हणाली, "बास झालं. आता मी आणि माझं मशीन, आम्ही आमचे जाऊ."

मोटरसायकल तिला चालवता यायचीच, वडिलांनीच शिकवली होती. तिने नवीकोरी घेतली. शोरूमच्या मॅनेजरने हार घातलेल्या गाडीची किल्ली हातात ठेवली, फोटो काढला, आणि मग टाचणीने विचारलं, "हिला मागे ट्रॉली लावायचीय. हुक कुठे बसवू?"

मॅनेजरचं हसू जागच्या जागी वाळलं. "ताई, असलं काही करू नका. हुक लावलात, वायरिंगला हात लावलात, की वॉरंटी गेलीच म्हणून समजा."

"गाडी मला विकलीत, की सांभाळायला दिलीत?" टाचणीने विचारलं आणि किक मारून निघाली. गाडी बटणावर चालू होत होती, पण रागाच्या भरात किकच बरी वाटते.

वेल्डरकाकांनी ट्रॉली फर्मास करून दिली. दोन चाकं, खाली स्प्रिंगा, मशीनच्या पायांना बरोबर बसतील अशा खोबणी. वायरमनने गाडीच्या मागच्या दिव्यातून वायरी काढल्या, ट्रॉलीच्या दांड्यावरून नेल्या, मागे दोन बारीक दिवे बसवले आणि वायरी प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधून टाकल्या. काम चोख होतं, पण दिसायला गबाळं. आणि टाचणीला गबाळं खपत नाही. ती दांड्यासमोर फतकल मारून बसली, लाल रेक्झिनची पट्टी कापली, वायरींवर गुंडाळली आणि वाकड्या सुईने गच्च शिवून टाकली, सोफ्याची कड शिवतात तशी. टाका असा सुबक की वेल्डरकाका बघत राहिले. गादीत सुई कुठेही घुसली तरी गादी काही बोलत नाही. वायर मात्र बोलते, जरा उशिरा बोलते एवढंच.

इकडे दादाने काय काय ऐकवलं ते विचारू नका. "लोक हसतील. मशीन रस्त्यात सांडेल. मग येशील रडत, दादा टेम्पो आण म्हणून." त्यावर टाचणी एवढंच म्हणाली, "ज्या दिवशी मशीन परत तुझ्या टेम्पोत चढेल, त्या दिवशी मी धंदा सोडला समज." दादाने ते हसण्यावारी नेलं. तिने नेलं नाही.

पहिलंच काम मोठं मिळालं. नाटकाच्या थिएटरच्या पुढच्या रांगांतल्या खुर्च्या फाटल्या होत्या, संध्याकाळी प्रयोग होता आणि थिएटरवाल्याने तिला सरळ सांगितलं होतं, "ताई, सकाळी हजर असाल तर काम तुमचं. नाहीतर माझ्याकडे दुसरा माणूस आहे." हे काम दादाच्या ओळखीतून आलेलं नव्हतं. तिचं ती बोलली होती, तिचं तिने मिळवलं होतं.

सकाळी शेजाऱ्यांनी हात लावला, मशीन ट्रॉलीत चढलं, दोर आवळले, गाडी निघाली. पुलापर्यंत सगळं झकास. पुलावरून उतरताना तिने ब्रेक दाबला आणि गाडी एकदम मेली. हॉर्न नाही, दिवा नाही, इंजिन ठप्प. नशीब एवढंच की उतार संपतो तिथेच शोरूम होतं. नशीब म्हणा, नाहीतर दुर्दैव म्हणा.

मॅनेजर बाहेर आला. त्याने आधी हुक पाहिला, मग ट्रॉली पाहिली, मग तिच्याकडे असं पाहिलं, जणू मनात लाडू फुटत होते. त्याने फोन लावला. टाचणीला नाही, दादाला! गाडीच्या कागदांवर दुसरा नंबर दादाचा होता ना. बाई समोर उभी, आणि बोलणं भावाशी. टाचणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मुख्य फ्यूज उडालाय," मेकॅनिक सीट काढून म्हणाला. "कुठेतरी शॉर्ट होतंय. ही लाल पट्टी कुणी शिवली?"

"मी." ती खाली बसली, पिशवीतून उसवायचं हत्यार काढलं आणि स्वतःचा सुबक टाका सगळ्यांसमोर उसवत गेली. दांड्याच्या वाकणापाशी वायरीला भोक होतं. तिच्याच सुईचं. आतलं तांबं उघडं पडलं होतं आणि लोखंडाला घासून घासून काळं झालं होतं. तिचे कान गरम झाले. इतकी लाज तिला आयुष्यात वाटली नव्हती, आणि तीही टाक्यामुळे!

"बघा, मी म्हणालो होतो ना?" मॅनेजर म्हणाला.

"तुम्ही ट्रॉलीबद्दल म्हणाला होतात. ट्रॉलीचं काही बिघडलं नाही. टाका माझा, चूक माझी." ती उठून उभी राहिली. "पुढे बोला."

मॅनेजर जरा नरमला. माणूस तसा वाईट नव्हता. "ताई, आत्ता हुक काढून टाकू. वायरिंग होतं तसं करून देतो. मी काही पाहिलं नाही, वॉरंटी राहील तुमची. पण परत ट्रॉली लावायची नाही."

तेवढ्यात टेम्पो येऊन थांबला. दादा उतरला तोच मुळी मागचं फळकूट उघडत. "काढ तो हुक. मशीन चढव इकडे, थिएटरला मी सोडतो. कशाला शोभा करून घेतेस, टाचणे?"

उघडा टेम्पो समोर होता. आत चढवलं की वेळेत पोचणार, काम वाचणार. आणि उद्यापासून पुन्हा पायरी, पुन्हा डबा मांडीवर. टाचणीने मशीनकडे पाहिलं. दोर जरासुद्धा सैल झाले नव्हते.

"हुक राहणार," ती मॅनेजरला म्हणाली. "वॉरंटी ठेवा तुमच्याकडे. मला घरात ठेवायला गाडी नकोय." आणि मेकॅनिककडे हात पुढे केला. "वायरीची काळी चिकटपट्टी द्या. आणि फ्यूज."

"फ्यूज गाडीतच आहे," मेकॅनिक म्हणाला. "झाकणाखाली एक जादा असतो."

दुखऱ्या जागी तिने पट्टी गुंडाळली, वर अजून गुंडाळली. रेक्झिनचा तुकडा दूर भिरकावला. फ्यूज बसला, हेल्मेट चढलं, बटण दाबलं, इंजिन बोललं. पण मागचे दिवे? ब्रेक तर पुढे बसूनच दाबावा लागतो, आणि दिवा लागला का हे मागे उभं राहून बघावं लागतं. मेकॅनिक आणि मॅनेजर आत गेले होते. मागे उभा होता फक्त दादा, फळकुटाला हात लावून.

तिने ब्रेक दाबला. "लागतोय का?"

दादा फळकुटाची कडी चाळत राहिला.

"दादा, तुला विचारतेय. लागतोय का?"

"लागतोय," तो पुटपुटला.

"ऐकू नाही आलं. दुसरा? डावीकडचा?" तिने पुन्हा दाबला, पुन्हा सोडला, पुन्हा दाबला. "हेल्मेटमध्ये ऐकू येत नाही, मोठ्याने सांग!"

दादाने टेम्पोचं फळकूट धाडकन लावलं. "लागतायत गं बाई, दोन्ही लागतायत! जा आता, उशीर होतोय तुला!"

इतक्या वर्षांत तिला उशीर होतोय हे त्याच्या तोंडून पहिल्यांदा निघालं. टाचणीने मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर रडली असती, आणि रडत जायला ती काही निघाली नव्हती. तिने गिअर टाकला, उजवीकडे वळायचा दिवा लावला आणि मशीन घेऊन रस्त्याला लागली.