शेवंडवाल्याचा मांजरपिंजरा

ऑब्री पिकेटनं आयुष्याची सेहेचाळीस वर्षं शेवंडींना पिंजऱ्यात यायला लावण्यात घालवली. त्या बाहेर कशा पडतील, याचा विचार करायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. केल्प बेच्या धक्क्यावर त्याच्याइतका सुबक पिंजरा कुणी विणत नसे, हे त्याचे शत्रूही कबूल करत. शत्रू म्हणजे तरी कोण, तर ज्यांच्याबरोबर तो रोज सकाळी चहा प्यायचा तेच चार म्हातारे.

दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी राजीनामा दिला आणि ऑब्रीनं बोट विकली. पहाटे उठायची सवय तेवढी शिल्लक राहिली. उठून करायचं काय, तर धक्क्यावर जायचं. एकट्यानं जायला त्याला लाज वाटायची, कारण रिकामा माणूस एकटा चालताना जास्तच रिकामा दिसतो. पण त्याच्या मागून, दहा पावलांचं अंतर ठेवून, जणू आपली काही ओळखच नाही अशा थाटात पर्सी यायचा. पर्सी म्हणजे पिकेटांचा पट्टेरी बोका. धक्क्यावर दोघं शेजारी बसत, सुटणाऱ्या बोटी बघत आणि प्रत्येक बोटीबद्दल दोघांचंही मत वाईट असे.

"तुझा बोका," असं नेरिडा, म्हणजे त्याची बायको, म्हणाली की ऑब्री उसळायचा. "माझा कसला? तू आणलास. मी फक्त त्याला लाथ मारत नाही."

मग ऑक्टोबरात रस्त्याखालच्या खडकांत एक छोटा पेंग्विन मेलेला सापडला. शेजारची ग्लेनिस रोज संध्याकाळी वही घेऊन पेंग्विन मोजायला बसते. त्यांना घरटी करायला लाकडी खोकीही तिनंच ठोकून दिली आहेत. ती तडक कुंपणाशी आली.

"ऑब्री, तुझ्या बोक्याच्या मिशीला निळं पीस होतं. मी डोळ्यांनी पाहिलंय."

"वाऱ्यानं उडून चिकटलं असेल. अगं, म्हातारा झालाय तो. त्याच्यानं माशी मारवत नाही."

"गेल्या आठवड्यात माझ्या पायरीवर त्यानं उंदीर आणून ठेवला."

"ती भेट होती, ग्लेनिस. तुला घेता येत नाही, त्याला तो काय करणार?"

मग कौन्सिलचा कागद आला, आणि कागदाला विनोद कळत नाही. महिन्याभरात बोका स्वतःच्या आवारात बंदिस्त राहिला पाहिजे, नाहीतर कौन्सिल त्याला घेऊन जाईल, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं.

"पर्सीला बर्नी गावी यूनिसकडे देऊ," नेरिडा म्हणाली. यूनिस तिची बहीण. "तिचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे. कुठं जाणार तो?"

"देऊन टाक. माझं काय जातंय?" असं म्हणून ऑब्री शेडमध्ये गेला, आणि तिथून जेवणाच्या वेळेपर्यंत हातोड्याचा आवाज येत राहिला.

तयार जाळीचे पिंजरे दुकानात मिळत होते. नेरिडानं चित्रं दाखवली. "हा तुरुंग पोपटाचा आहे," म्हणत ऑब्रीनं ती बाजूला सारली. त्यानं टी-ट्रीच्या झुडपांच्या लवचिक काठ्या कापून आणल्या, वाफेवर मऊ केल्या, वाकवल्या, आणि धुण्याच्या खोलीच्या खिडकीला टेकून घुमटासारखा सांगाडा उभा केला. त्यावर जुनं जाळं ताणून बसवलं. धक्क्यावरचे चौघे चूक काढायला रोज येऊन बसू लागले. "ऑब्री, नक्की कुणाला धरायचंय? देवमाशाला?"

पंधराव्या दिवशी नेरिडानं मान वर करून पाहिलं. "माथ्यावर ते धुराडं कशाला?"

"असतंच ते."

"कुणाला?"

"पिंजऱ्याला," ऑब्री म्हणाला, आणि तो प्रश्नच त्याला समजला नाही.

शेवंडीच्या पिंजऱ्याला वर तोंड असतं. त्यातून काठ्यांची निमुळती मान आत उतरलेली असते. आमिषाच्या वासानं शेवंड वर चढते, मानेतून घसरून आत पडते आणि परतीची वाट तिच्या डोक्यावर लटकत राहते. ऑब्रीच्या डोक्यानं मांजरघर बांधलं होतं, हातांनी मात्र नेहमीचंच काम केलं होतं.

त्या संध्याकाळी पर्सीला आत सोडलं, खिडकी लावली आणि त्याची समजूत काढायला माशाचं एक मोठं डोकं ठेवलं. सकाळी आत तीन मांजरं होती. एक पर्सी, दुसरा पबचा काळा बोका आणि तिसरी एक जाडजूड नारिंगी मांजर, जी ग्लेनिसच्या सांगण्याप्रमाणे रोज संध्याकाळी सहाच्या ठोक्याला तिच्या पलंगाच्या पायथ्याशी झोपते.

ग्लेनिसला बोलावणं गेलं. तिनं जाळ्याला नाक लावून आत पाहिलं.

"क्लेमेंटाइन रात्री माझ्या पायांशी होती," ती म्हणाली.

"मग तुझे पाय फार लांब आहेत, ग्लेनिस."

ती हसली नाही. मांजर कवटाळून घरी गेली आणि दुपारी परत आली. "मलाही एक बांधून दे. धुराडं नको."

ऑब्रीनं माथा बंद केला. शेजारणीवरचा विजय त्याला दोन दिवस पुरला. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की पर्सी खात नाही. शेडच्या भिंतीकडे तोंड करून तो बसून असायचा आणि हाक मारली की फक्त एक कान हलवायचा. ऑब्री पहाटे एकटाच धक्क्याकडे निघाला. अर्ध्या वाटेवर त्यानं मागं वळून पाहिलं. दहा पावलांवर नुसता रस्ता होता. तो तसाच माघारी फिरला.

नेरिडानं बहिणीला फोन लावायला घेतला. "त्याचे हाल बघवत नाहीत रे."

"दोन दिवस थांब," ऑब्री म्हणाला. गुडघ्यांना शिव्या देत तो रांगत पिंजऱ्यात शिरला आणि पर्सीशेजारी बसला. आयुष्यात हजारो पिंजरे विणले, पण आतून एकही पाहिला नव्हता. आतून पत्र्याची भिंत दिसत होती, गटाराचं झाकण दिसत होतं. समुद्र पन्नास पावलांवर असून त्याचा आवाज तेवढा येत होता. शेवंडीला देखावा लागत नाही, म्हणून त्यानं कुणालाच लागत नाही असं धरलं होतं. त्याला स्वतःचीच शरम वाटली.

घुमटाला त्यानं भोक पाडलं. तिथून मागच्या कुंपणाच्या कडेनं खांबांवर जाळ्याचा बोगदा नेला, वर चढावरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत. तिथं माणूस उभा राहील एवढी जाळ्याची खोली केली, तिच्यात रुंद फळ्या ठोकल्या. फळीवरून धक्का, खाडीचं तोंड आणि रस्त्याखालचे खडक सगळं दिसत होतं. पर्सीला बोगद्यातून वर यायला अर्धा दिवस लागला. आला, फळीवर चढला, बाहेर पडणारी पहिली बोट पाहिली आणि नाक मुरडलं. मग खाली उतरून वाटीतला मासा संपवला.

कौन्सिलची बाई तपासायला आली तेव्हा ऑब्री आतच होता, माशांच्या क्रेटवर, चहाचा थर्मास घेऊन.

"तुम्ही आत काय करताय?"

"मजबुती बघतोय."

"सकाळी सहापासून बघतोय!" नेरिडा स्वयंपाकघरातून ओरडली.

बाईनं जाळं ओढून पाहिलं, माथा पाहिला, सही केली. पर्सी राहिला.

त्या संध्याकाळी ऑब्री पुन्हा वर जाऊन बसला. उजेड उतरला आणि खडकांतून पेंग्विनांचा आवाज सुरू झाला, गाढवाची पिल्लं भांडत असावीत तसा. फळीवर झोपलेला पर्सी जागा झाला. पोट फळीला टेकलं, मागचे पाय आत गेले, मिशा पुढं आल्या आणि जबडा थरथरू लागला. यात म्हातारपण कुठंच नव्हतं.

"तूच होतास तर," ऑब्री हळूच म्हणाला.

पर्सीनं वळूनही पाहिलं नाही. ऑब्रीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. कातडीखाली सगळं अंग ओझ्याच्या दोरासारखं ताणलेलं होतं. महिनाभर ज्याच्या बाजूनं तो वकिली करत होता, तो अशील हा असा होता. त्याला राग मात्र येईना. जन्मभर जिवंत माल समुद्रातून ओढून काढून ज्यानं पोट भरलं, त्यानं बोक्याला काय सुनावायचं? आणि रस्त्याच्या अलीकडे येणाऱ्या त्या बुटक्यांना, एकामागून एक, डुलत डुलत घरी जाताना पाहून त्याला वाटलं, त्यांचंही काही चुकलेलं नाही.

शेवटचा पेंग्विन खोक्यात शिरेपर्यंत तो बसून राहिला. मग उठून, उरलेल्या उजेडात, जाळ्याची एकेक गाठ बोटांनी चाचपू लागला, खालपासून वरपर्यंत. एक जराशी सैल लागली. ती सोडून त्यानं पुन्हा बांधली.