लाटण्याचा ठोका

पातेलं उपडं घालायचं, बुडावर लाटण्याचा एक ठोका द्यायचा, मान तिरपी करून ऐकायचं आणि मग जाहीर करायचं, “बोलतंय.” नाहीतर, “मुकं आहे. ठेवा बाजूला.” आमच्या वहिनींचा निकाल एवढाच असायचा आणि त्यावर अपील नव्हतं.

वहिनी म्हणजे आमच्या मालकांच्या पत्नी. मालकांना आम्ही साहेब म्हणायचो, पण यांना मॅडम म्हणायची कुणाची छाती झाली नाही. गोडाउन दुबईबाहेर जबल अलीच्या बंदराशी, आणि मी तिथला डॉक्युमेंटेशनचा माणूस. नव्वदच्या दशकातली गोष्ट. दुबई मागे टाकली की दोन्ही बाजूंना नुसती वाळू, आणि कंपनीच्या बसमध्ये एसी असला तर असला. वहिनी मात्र साहेबांच्या जुन्या गाडीतून यायच्या. त्यांच्या पर्समध्ये घरचं लाटणं असायचं. गेटवरच्या पठाणाने पहिल्यांदा ते बाहेर काढून “ये क्या है?” विचारलं, तेव्हा वहिनी शांतपणे म्हणाल्या, “मशीन.” त्याने सलाम करून परत दिलं.

आमचा माल म्हणजे तोटीची मोठी स्टीलची पातेली. गोऱ्या लोकांना घरच्या घरी बियर करायची हौस असते, त्यासाठी. भारतातल्या कारखान्यातून यायची, आम्ही तपासून, नव्याने पॅक करून युरोपला धाडायचो. इनव्हॉइसवर मी ‘ब्रू केटल’ लिहायचो. वहिनींच्या लेखी ते पातेलंच. “एवढा वेळ उकळत बसायचं आणि शेवटी कडूच प्यायचं?” असं त्या दर कंटेनरला म्हणायच्या आणि लुगड्याच्या दुकानात बसावं तशा ऐसपैस कामाला बसायच्या.

त्यांच्या माहेरी भांड्यांचं दुकान होतं. ठोक्याची विद्या तिथली. या पातेल्यांच्या बुडाला खालून आणखी एक जाड चकती बसवलेली असते, म्हणजे तळाला करपत नाही. ती चकती सगळीकडून घट्ट बसली असेल तर ठोका स्वच्छ वाजतो. आत कुठे पोकळी राहिली तर आवाज बसका येतो, आणि असं पातेलं शेगडीवर चार वेळा तापलं की चकती सुटू लागते. ठोका देताना पातेल्याला कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. “हात काढा भावजी. हात लावला की आवाज मरतो.” मी पटकन हात मागे घ्यायचो.

मग तोटीचा जोड. आत पाणी भरायचं, बाहेरून जोड कोरडा पुसायचा आणि त्याच्याभोवती चिमटीने रांगोळी सोडायची. थोड्या वेळाने रांगोळी ओलसर दिसली तर जोडाला बारीक भोक आहे असं समजा. वॉशर बदलून थांबलं तर ठीक, वेल्डिंगच गळत असेल तर खलास. तुम्ही हे पाहायला हवं होतं. बाहेर क्रेन, ट्रेलर, पन्नास भाषांची शिवीगाळ आणि आत ओळीने मांडलेल्या पातेल्यांना रांगोळी. दिवाळीच्या दिवसांत तर त्या दोन ठिपके जास्तच काढायच्या.

नव्या पातेल्याला आतून पॉलिशचं काळं असतं. ते पांढऱ्या फडक्याने पुसून दाखवायचा त्यांना भारी आनंद व्हायचा. “बघा, नवं म्हणे!” जोडाजवळ गंजाचे ठिपके दिसले की कारखान्यातल्या माणसाला इथून बोलणी बसायची. “मेल्याने लोखंडी ब्रशने घासलंय. स्टीलला कशाला गंज येतोय?” मग गरम पाण्यात लिंबूसत्त्व घालून ते ठिपके काढायचे, मऊ फडक्याने. तारेची घासणी गोडाउनात आणायला बंदी होती.

बारीक पोचा आलेली पातेली आमच्या लोकांत वाटली जायची. त्याचे कागद मीच करायचो, म्हणून सांगतो, गणपतीत शारजापासून बर दुबईपर्यंत कितीतरी मराठी घरांत बियरच्या पातेल्यातून कढी वाढली गेली. तोटी सोडली की कढी. आणि वाटायचं म्हणजे नाव घातलंच पाहिजे. वहिनींनी नाव घालायचं मशीन भारतातून मागवलं आणि प्रत्येकावर स्वतः कोरलं, ‘सप्रेम भेट’. त्यातलं एक चुकून कंटेनरमध्ये गेलं. गिऱ्हाइकाचा फॅक्स आला की ही नक्षी फार सुंदर आहे, सगळ्यांवर मिळेल का? साहेबांनी तो फॅक्स वाचला, वहिनींकडे सरकवला आणि म्हणाले, “चालू दे.”

साहेब एवढंच बोलायचे. त्यांचं ऑफिस दुबई शहरात, देऱ्याला. गोडाउनात आले तर सहीपुरते, तेही दारातूनच. “अहो, एकदा आत येऊन बघा तरी मी काय करते,” असं वहिनी म्हणायच्या. ते घड्याळ बघायचे, “पुढच्या वेळी,” म्हणायचे आणि गाडी निघायची. वहिनी वळून पुन्हा ठोके द्यायला लागायच्या. मला साहेबांचा राग यायचा, पण पगार तेच देत होते.

एक दिवस फोर्कलिफ्ट मागे येत होता. पी पी करत, अगदी वहिनींच्या पाठीशी. ड्रायव्हर ओरडतोय, “हटो, हटो!” आणि वहिनी आपल्या तोटी फिरवून बघताहेत. मी दंड धरून त्यांना ओढलं. चिडल्याच माझ्यावर. “ऐकू आलं होतं मला. काय लहान आहे का मी?” पण त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

त्यानंतर मी लक्ष ठेवायला लागलो. अमेरिकेतला नातू फोनवर इंग्लिशमध्ये काहीतरी विचारायचा आणि वहिनी “हो बाळा, हो हो,” म्हणून फोन साहेबांकडे द्यायच्या. मग युरोपहून तक्रार आली. वहिनींनी पास केलेल्या मालातल्या काही पातेल्यांची चकती सुटली होती. साहेबांनी बदली माल पाठवला. वहिनी गोडाउनात यायच्या बंद झाल्या. मी घरी गेलो तर स्वयंपाकघरात नुसत्या बसून होत्या, ओट्यावर कणीक तशीच. म्हणाल्या, “भावजी, ते काम सुटलं तर या फ्लॅटमध्ये बसून मी करू काय? भिंती पुसू?” चहा घेतला आणि निघालो.

पुढच्या कंटेनरला गाडीतून दोघंही उतरले. साहेब कोट काढून थेट आत आले आणि टेबलाच्या पलीकडे, वहिनींच्या समोर उभे राहिले. वहिनींनी ठोका दिला आणि मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. साहेबांनी मान हलवली. “बोलतंय,” वहिनी म्हणाल्या. पुढचं पातेलं, पुन्हा ठोका, पुन्हा वर बघणं. कधीतरी साहेब नकारार्थी मान हलवायचे, मग ते बाजूला. आम्हा सगळ्यांना कळलं काय चाललंय ते, आणि जो तो आपापल्या खोक्यांकडे वळला. खरं सांगतो, माझा साहेबांवरचा सगळा राग त्या दिवशी गेला.

पुढे कैक वर्षं हे असंच चाललं. देऱ्याचं ऑफिस दुपारपर्यंत बंद राहायचं. जेवणाचा डबाही दोघं तिथेच, खोक्यावर बसून खायचे. तक्रार म्हणाल तर परत एकही आली नाही. एकच गोष्ट मला विचित्र वाटायची. साहेबांनी होकार दिलेलं एखादं पातेलं वहिनी तरीही बाजूला काढायच्या. “कड खरखरीत आहे,” म्हणायच्या. मी नंतर बोट फिरवून बघायचो, कड छान गुळगुळीत असायची. आणि हल्ली ठोका देताना त्यांचा डावा तळवा बुडावर टेकलेला असायचा. म्हटलं, वय झालं, आधार लागत असेल.

साहेब अचानक गेले, झोपेतच. मुलगा अमेरिकेहून येऊन धंदा आवरायला लागला. वहिनी त्याच्याबरोबर जाणार होत्या. शेवटचा एक कंटेनर तेवढा तपासायचा राहिला होता. मुलगा म्हणाला, “आई, लीव्ह इट.” पण त्या आल्या, पर्स घेऊन. गेटवर आता दुसराच माणूस होता. त्याने काही विचारलं नाही.

त्या टेबलाशी बसल्या. समोर कुणीतरी हवं, म्हणून मीच जाऊन साहेबांच्या जागी उभा राहिलो. पहिला ठोका पडला. मला काय कळतंय कप्पाळ, पण मी जोरात मान हलवली. वहिनी हसल्या.

“तुम्हाला कळलं होय, भावजी?”

मी मोठ्याने, त्यांना ओठ दिसतील असं म्हणालो, “साहेबांसारखं नाही जमायचं.”

“त्यांना तरी कुठे कळत होतं? घरातली चहाची किटली गळते ते कळायचं नाही त्यांना.” मग त्यांनी डावा तळवा पातेल्यावर टेकवला. “हे इथे कळतं. बूड पोकळ असलं की हाताला झिणझिण लागते. घरी बसले होते तेव्हाच आमच्या कुकरवर, कढयांवर ठोकून ठोकून शिकले.”

“मग दर वेळी त्यांच्याकडे बघत का होतात?”

वहिनींनी लाटणं हातात फिरवलं. “इतकी वर्षं मी म्हणत होते, एकदा येऊन बघा. माझे कान गेले तेव्हा आले. आता आलेल्या माणसाला काय सांगू, तुमची गरज नाही म्हणून?”

मला त्या जागी उभं राहवेना. मी हळूच बाजूला झालो आणि खोक्यांपाशी जाऊन थांबलो. वहिनींनी पुढचं पातेलं उपडं घातलं, तळवा टेकवला आणि ठोका दिला. तळव्याला जे कळायचं ते कळलं असणार. तरीही त्यांनी मान वर करून टेबलाच्या पलीकडे पाहिलं, नेहमी थांबायच्या तेवढं थांबल्या, आणि म्हणाल्या, “बोलतंय.”