जोडीची सहल

१४ मे २०२४, मंगळवार. नळाला पाणी आलं नाही, टँकर बोलावला. गच्चीवरच्या कुरडया आत काढल्या. दुपारी शेजारच्या घरी बियाणं कंपनीचा माणूस ज्ञानेश्वर पेढे घेऊन आला. मंजुळाबाईंच्या शेडनेटमधलं मिरचीचं बियाणं तपासणीत पास झालं. बक्षीस म्हणून जोडीनं सहल आहे. पुष्पांजली पेढा द्यायला आली. बसली नाही, उभ्या उभ्याच हसत होती.

त्या दिवशी मी एवढंच लिहिलं. जालन्याच्या कॉन्व्हेंटात सिस्टरांनी रोज लिहायची सवय लावली. लग्न होऊन देऊळगाव राजाला आले, यजमान गेले, तरी ती मोडली नाही. पण पुष्पांजली रोजच्या चार ओळींत मावली नाही, म्हणून हे सलग लिहिते आहे.

ती मंजुळाबाईंची सून, माहेर बीबी गावचं. बारावी झाली आणि प्रेमशी लग्न होऊन आमच्या गल्लीत आली. आमच्याकडे शेडनेटमध्ये, म्हणजे हिरव्या जाळीच्या मांडवात, बियाणं पिकवतात. ते सगळं काम बायकांच्या बोटांवर चालतं. मिरचीची कळी उमलायच्या आधी चिमट्यानं अलगद उघडायची, आतले नर-केसर काढायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या जातीचा पराग लावायचा. याला सगळे क्रॉसिंग म्हणतात. काही कळ्या नजरेतून सुटल्या तर भेसळ होते आणि कंपनी अख्खा माल नाकारते. तिचे सासरे भगवानराव यांचा माल आधी दोनदा नाकारला गेला होता. तेव्हापासून त्यांनी शेडनेटकडे बघणंही सोडलं होतं. प्रेम औषध फवारायचा आणि मोटर चालू-बंद करायचा. बाकी सगळं पुष्पांजली करायची.

गेल्या वर्षी क्रॉसिंगच्या ऐन दिवसांत ती पोटुशी होती. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. तिचा भाऊ गजेंद्र सप्टेंबरात तिला न्यायला आला. मी ओट्यावर तांदूळ निवडत होते, म्हणून सगळं ऐकू आलं.

"आता नाई जमत," मंजुळाबाई दारातूनच म्हणाल्या. "कळ्या का तिच्यासाठी थांबून राह्यतीन?"

"मावशी, पहिली खेप हाये. मायनं डिंक आणून ठेवला."

"तो डिंक इकडं धाडून द्या. इथं बी चूल हाये."

गजेंद्रला कोणी आत या म्हटलं नाही. तो उन्हात उभा राहून बहिणीशी चार शब्द बोलला आणि बसस्टँडकडे निघून गेला. पुन्हा या दारात पाय ठेवणार नाही, असं तो गल्लीच्या तोंडाशी भगवानरावांना सांगून गेला. भगवानराव हो म्हणाले.

छकुली ऑक्टोबरच्या अखेरीला झाली. बाळंतिणीनं सव्वा महिना खोलीबाहेर यायचं नाही, हा नियम मंजुळाबाईंनी कडक पाळला. फक्त संध्याकाळी नराच्या झाडांची फुलं पाटीत भरून त्याच खोलीत जायची. पुष्पांजली बाजेवर बसून पराग झाडायची, गाळायची आणि सकाळसाठी डबीत भरून द्यायची. तिनं हात लावलेलं पाणीसुद्धा त्या दिवसांत कोणी घेत नव्हतं. परागाला मात्र विटाळ झाला नाही.

तर या पोरीचं बियाणं पास झालं, तेही तालुक्यात सर्वांत शुद्ध. कंपनीची बस मेच्या शेवटी निघणार होती. मुंबईकडच्या डोंगरात एक मोठं पार्क आहे. तिथे आकाशपाळणे आहेत, पाण्याच्या घसरगुंड्या आहेत, समुद्रासारख्या लाटा येणारा हौद आहे. पुष्पांजलीनं मला मोबाइलवर तो हौद दाखवला.

"मले पाळण्यात नाई बसाचं, काकू. चक्कर येते. फकस्त या पाण्यात पाय बुडवून बसाचं. छकुलीचे बी बुडवीन."

"लहान मूल चालतं का त्यांना?"

"ज्ञानेश्वरभाऊले इचारलं ना. म्हने, पाळण्यात नाई, पण आत येऊ देतात. बसमधी मांडीवर."

प्रश्न एवढाच होता की सात महिन्यांच्या पोरीला न्यायचं की नाही. अंगावर पिणारं लेकरू होतं. ते गेलं तर आई जाणार, ते राहिलं तर आई राहणार. हे सगळ्या घराला माहीत होतं, पण सगळे बोलत होते ते फक्त छकुलीबद्दल.

मंजुळाबाई माझ्याकडे विरजण मागायला आल्या, तेव्हा मीच विषय काढला. ऊन आहे हे खरं, पण सावलीला धरून बसवलं, अंगावर पाजत राहिलं, तर पोरीला काही होणार नाही, असं मी म्हटलं.

"तुमी कानव्हेंटवाल्या, बाई. तुमाले रिवाज कोन सांगंल? अजून जावळ नाई काढलं पोरीचं. आमच्या घरात जावळाच्या आधी लेकरू शिवेबाहेर जात नाई."

"मग काढा ना जावळ."

"मामाच्या मांडीवर काढाव लागते. मामा कुठं हाये? तो तं रुसून बसला."

वाटीभर विरजण घेऊन त्या गेल्या. मी संध्याकाळी ते पुष्पांजलीला सांगितलं. ती मोबाइल घेऊन माझ्या मागच्या अंगणात गेली. गजेंद्रशी ती काय बोलली ते मी ऐकलं नाही. खूप वेळ फक्त एकच वाक्य पुन्हा पुन्हा कानावर येत होतं, "माह्यासाठी ये रे भाऊ."

तो आला. शुक्रवारी सकाळच्या बसनं. छकुलीला झबलं, चांदीचे वाळे आणि आईनं दिलेला तो डिंकही आणला, इतक्या महिन्यांनी. बालाजीच्या देवळाजवळ तो पाटावर बसला आणि भाचीला मांडीवर घेतलं. न्हाव्यानं वस्तरा लावला तशी पोरगी किंचाळली. गजेंद्र तिच्या कानाशी म्हणत होता, "झालं, झालं, मामाच्या छकुलीचा गोटा झाला." पुष्पांजली हसत होती आणि केस झेलायला पदर धरून उभी होती. मंजुळाबाईंनी त्याला टॉवेल-टोपीचा आहेर केला. टोपी घालून तो मान खाली ठेवून जेवला आणि दुपारच्या बसनं परत गेला.

त्याच दिवशी पुष्पांजलीनं बाजारातून छकुलीसाठी पाण्यात घालायची छोटी चड्डी आणली. मला दाखवली. तिच्यावर बदकं होती.

रविवारी सकाळी ती बॅग भरत होती. मी त्यांच्याकडे कढीपत्ता आणायला गेले होते. मंजुळाबाई दाराच्या उंबऱ्यावर बसून लसूण सोलत होत्या. त्या लसणाकडे बघतच म्हणाल्या, "पोरीले नको नेऊ."

"काऊन? जावळ तं झालं."

"तेच म्हनते. टाळू उघडी पडली ना. या उन्हावाऱ्यात बिनकेसाचं लेकरू बाहेर काढत असते का कोनी? महिनाभर तरी नाई."

पुष्पांजलीच्या हातात टॉवेल होता. "हे आधी काऊन नाई सांगतलं, आत्याबाई?"

"आधी कुठं उघडी व्हती?"

मंजुळाबाईंच्या चेहऱ्यावर कावा नव्हता. त्यांना ते खरंच तसं वाटत होतं, आणि म्हणूनच त्यांच्याशी बोलायला जागा नव्हती. मी म्हटलं, टोपडं बांधू. त्या म्हणाल्या, टोपड्यातून ऊन लागत नाही का? मी म्हटलं, मग छकुलीला माझ्याकडे ठेवा, दोन दिवस मी सांभाळते. पुष्पांजलीनं त्याच दुपारपासून बाटली लावून पाहिली. पोरीनं रबरी बोंड जिभेनं बाहेर ढकललं. वाटी-चमच्यानं पाजलं, तर सगळं गळ्यातून झबल्यात. तिसऱ्या दिवशी पोरीचं पोट बिघडलं, आणि तो विषय संपला.

त्या संध्याकाळी प्रेम फाटकाशी मोटारसायकल पुसत होता. मी त्याला थेट विचारलं, "तुझं काय म्हणणं आहे, प्रेम?"

"मले काय, काकू. तुमी बाया ठरवा."

"बक्षीस कुणाचं आहे?"

"जोडीचं हाये. माह्या नावानं आलं." मग जरा ओशाळून दारात आलेल्या बायकोकडे पाहत म्हणाला, "पुढच्या वर्षी जाऊ ना आपन तिघं."

"पुढच्या वर्षी माल पास होईन, कशावरून?" पुष्पांजलीनं विचारलं.

"तू हाये ना."

हे तो तिची स्तुती म्हणूनच बोलला. ती आत निघून गेली.

एक जागा मोकळी राहिली. ज्ञानेश्वरचा फोन आला की जागा वाया जाईल, कुणालाही आणा. भगवानरावांना गुडघेदुखी. मग प्रेम आईला म्हणाला, तूच चल. मंजुळाबाई आधी नाही म्हणाल्या, दुसऱ्यांदा नाही म्हणाल्या, आणि तिसऱ्यांदा त्यांनी ठेवणीतलं लुगडं काढलं. माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "मी तरी का पाह्यलं, बाई? लग्नात जेजुरी पाह्यली तेवढी. बाकी जल्म इथंच गेला." ते खरं होतं. तेव्हाही खरं होतं आणि आताही आहे, पण म्हणून मला ते काही गोड लागलं नाही.

कंपनीनं दोन बनियनवजा शर्ट दिले होते, पाठीवर इंग्रजीत छापलेलं, अर्थ 'उत्तम बीजोत्पादक'. मंजुळाबाईंनी तो लुगड्यावरून चढवला आणि मला विचारलं, काय लिहिलंय. मी वाचून सांगितलं.

"म्हंजे मी?" त्या हसल्या. "सूनबाई, पाह्य बरं, कशी दिसते!"

"चांगल्या दिसता," पुष्पांजली म्हणाली. तिनं दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि ओकारी आली तर म्हणून आवळासुपारी बांधून दिली. ज्ञानेश्वर बसच्या दारात उभा राहून यादीवर खुणा करत होता. आई-लेकाला पाहून म्हणाला, "आई-लेक बी जोडीच झाली की!" बसमधले सगळे हसले. पुष्पांजली छकुलीला कडेवर घेऊन बसस्टँडवर उभी होती. पोरीच्या डोक्याला टोपडं नव्हतं. बस सुटेपर्यंत ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

ती माणसं परत आली त्या दिवशी दुपारी मी तिथेच होते. मंजुळाबाई बाजेवर आडव्या पडल्या. जातायेता ओकून ओकून त्यांचा घसा बसला होता. पुष्पांजली त्यांच्या पायाशी बसून तळव्यांना तेल चोळत होती.

"काई नाई पाह्यासारखं," मंजुळाबाई म्हणाल्या. "नुसता कल्ला. मी पाण्यात पाय बी नाई घातला. हे समदे गेले घसरगुंडीवर, न् मी दिवसभर झाडाखाली या समद्यांच्या चपला-पिशव्या राखत बसले. बरं झालं तू आली नाई. लेकराची आबाळ झाली असती."

पुष्पांजलीचे हात चालू होते. तिनं विचारलं, "लेकरं व्हती का तिथं?"

"हाव, व्हती ना. एवढी एवढी. बाया कडेवर घेऊन फिरून राह्यल्या व्हत्या. एक तं आपल्या छकुलीहून लहान व्हतं."

"टोपडी बांधली व्हती?"

"कोनाले व्हती, कोनाले नाई," मंजुळाबाई डोळे मिटून म्हणाल्या. "तो दुसरा पाय घे."

तिनं दुसरा पाय घेतला. प्रेम पलीकडे मोबाइलमधले फोटो भगवानरावांना दाखवत होता. त्यानं बायकोलाही हाक मारली, "ये ना, लाटा पाह्य." ती म्हणाली, हाताला तेल आहे.

नंतर ती मला फाटकापर्यंत सोडायला आली. मी सरळच विचारलं, या सीझनला क्रॉसिंग करणार का. मला तिच्या तोंडून 'नाही' असं ऐकायचं होतं. बीबीला निघून जाते, हात दुखतात म्हणते, काहीही.

"करीन की," ती म्हणाली. "ज्ञानेश्वरभाऊ रोपं घेऊन येऊन राह्यला पुढच्या महिन्यात."

"पुष्पांजली..."

"नाई केलं तं काय करू, काकू? दिवसभर या घरच्यांच्या तोंडाकडं पाहू? नेटमधी गेलं की कोनी बोलाले तरी येत नाई." आत छकुली रडायला लागली. ती पदराला हात पुसत वळली. "न् बक्षिसाचं म्हनाल, तं त्या ज्ञानेश्वरभाऊले सांगून ठेवते. पुढच्या खेपेले नुसते पेढेच द्या म्हनून."

ती हे हसून बोलली नाही, चिडूनही नाही. भाजीवाल्याला पुढच्या वेळी कोथिंबीर नको म्हणावं, तसं बोलली.

त्या संध्याकाळी वहीत मी लिहिलं: दुपारी गॅस संपला, दुसरी टाकी लावली. रात्री मुगाची खिचडी केली. पापड सादळले होते.