ओळ क्रमांक अकरा

मला राग आला की मी बोलते, आणि त्या रविवारी मला कादंबऱ्यांतल्या राज्यांचा राग आला होता. अमेरिकेत, पार्सिपनीत आमचं दहा-बारा मराठी घरांचं वाचन मंडळ आहे. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमायचं, प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायचा आणि एकानं पुस्तकांवर बोलायचं. त्या महिन्यात घर माझं होतं आणि बोलणारीही मीच. विषय होता, भविष्यातल्या जुलमी राज्यांच्या कादंबऱ्या. आमची मुलं त्यांना डिस्टोपियन म्हणतात. त्यांत माणसांची नावं काढून घेतात, त्यांना आकडे देतात, कोण कामाचं आणि कोण नाही ते ठरवतात, आणि लोक निमूटपणे कागदांवर सह्या करून सगळं करू देतात.

मी अर्धा तास तोफ डागली. शेवटी म्हणाले, "असं राज्य माझ्या दारात आलं ना, तर मी पहिल्या दिवशी ओळखीन."

ऐकणाऱ्यांत माझ्या ऑफिसातला, माझ्याच टीममधला एक नागपूरकर होता. सहा वर्षं माझ्या हाताखाली काम करत होता आणि मला ताई म्हणायचा. खिचडीची बशी मांडीवर ठेवून त्यानं विचारलं, "पण ताई, हे लोक त्या कागदांवर सह्या तरी का करून देतात?"

"घाबरट असतात म्हणून," मी म्हणाले. सगळे हसले. मी जास्तच हसले.

तो वर्क व्हिसावर होता. बायकोला तिच्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. मुलगी नुकतीच किंडरगार्टनला जायला लागली होती. इथे आमच्यात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही: नोकरी गेली की साठ दिवस मिळतात. तेवढ्यात दुसरी कंपनी सापडली तर ठीक, नाही तर घर आवरायचं आणि देश सोडायचा.

सोमवारी माझ्याकडे एक फॉर्म आला. माझ्या टीममधले चौदा जण, चौदा ओळी. नावं नव्हती, फक्त ओळ क्रमांक आणि प्रत्येकानं वर्षभरात केलेल्या कामाची यादी. माझ्या बॉसनं फोन करून आधी माझ्या रविवारची चौकशी केली, मग सांगितलं की नावं मुद्दाम काढली आहेत, कुणावर अन्याय होऊ नये म्हणून. मला ते फार आवडलं. अखेर कुणीतरी न्यायानं वागतंय, असं मला वाटलं. काल आकड्यांवर तावातावानं बोललेली मी आज चहाचा कप घेऊन आकड्यांना गुण देत बसले, आणि मला काही म्हणजे काही खटकलं नाही.

कामाच्या यादीवरून कोण कुठला ते मला कळत होतंच. अकरावी ओळ नागपूरकराची. कंपनीत कपातीची कुजबूज होती, त्यामुळे त्याच्यासाठी चार शब्द जास्त लिहायचे हे मी ठरवलं होतं. शेवटचा रकाना होता, 'मोठा बदल झाल्यास ही व्यक्ती कशी वागेल?' मी मनापासून लिहिलं, 'कधी तक्रार करत नाही. कुठल्याही परिस्थितीत अ‍ॅडजस्ट करून घेतो.'

आमच्यात याहून मोठं कौतुक नाही. माझ्या लग्नाच्या बैठकीत आईनं माझ्याबद्दल हेच सांगितलं होतं, पोरगी कुठेही जुळवून घेईल. त्यावर माझं लग्न ठरलं. अमेरिकेत आल्यावर पहिल्या मॅनेजरनंही हेच म्हणून मला बढती दिली. मी ज्याच्यावर मोठी झाले तेच प्रशस्तिपत्र मी त्याला दिलं. तिसऱ्या ओळीत आमचा एक अमेरिकन सहकारी होता, प्रत्येक मीटिंगमध्ये वाद घालणारा. त्याच्यापुढे मी लिहिलं, 'पटलं नाही तर भांडतो. नियमावर बोट ठेवतो.' त्याचं नुकसान होईल म्हणून मला जरा अपराधीही वाटलं होतं. काय मूर्ख बाई मी!

तीन आठवड्यांनी, मंगळवारी सकाळी, नागपूरकराचा फोन आला. "ताई, माझं लॉगिन होत नाहीये. जरा बघता का?"

"रीस्टार्ट कर," मी म्हणाले. "काल रात्री अपडेट आलं असेल."

त्यानं रीस्टार्ट केलं. फोन चालूच होता, मागे त्याची मुलगी दूध नको म्हणून रडत होती. मशीन सुरू होईपर्यंत आम्ही आयसेलिनला कुठल्या दुकानात चांगले आंबे आलेत त्यावर बोलत होतो. तेवढ्यात माझ्यासमोर मेल उघडली. आज सकाळपासून माझ्या टीममधल्या ओळ क्रमांक चार, नऊ आणि अकरा यांचा कंपनीशी संबंध संपला आहे. पलीकडून तो म्हणत होता, "नाही ताई, अजूनही नाही होत."

त्याला मी काय सांगितलं ते मला आज आठवत नाही. एवढंच आठवतं की सांगून झाल्यावर तो "ओके ताई" म्हणाला.

मी बॉसला फोन लावला आणि कडाडले. हा माणूस तुमच्या सगळ्यांपेक्षा जास्त काम करतो, सुट्टीतही फोन उचलतो, त्याला कसं काढलंत? बॉसनं मला पूर्ण बोलू दिलं. मग अगदी मऊ आवाजात म्हणाला की तुमच्या शेऱ्यांची फार मदत झाली. काम सगळ्यांचंच चांगलं होतं. मग जे जाताना गडबड करणार नाहीत, वकिलाकडे धावणार नाहीत, त्यांच्यापासून सुरुवात केली. तुमच्या टीममध्ये सगळं किती शांतपणे झालं पाहा. तिसऱ्या ओळीच्या वाटेला कुणी गेलंच नाही. तुम्हाला वाईट वाटणं मी समजू शकतो, असंही म्हणाला, आणि पुढच्या महिन्याच्या कामाकडे वळला.

मी फोन ठेवला. मला कुणी घाबरवलं नव्हतं. कुणी बूट आपटत आलं नव्हतं. मला फक्त न्यायी वाटू दिलं होतं, आणि एका माणसाचं घर मी माझ्या हातानं, त्याचं कौतुक करत करत उठवलं होतं.

संध्याकाळी मी त्याच्या घरी गेले. त्याच्या बायकोनं मलाच पाणी दिलं, मलाच धीर दिला. मी दोघांना खरं ते सांगितलं. त्याच्याबद्दल काय लिहिलं होतं, ते शब्दन् शब्द. शिव्या घाल, ओरड, काहीतरी कर, असं मला वाटत होतं. पण त्याचा चेहरा खरंच उजळला.

"असं लिहिलंत माझ्याबद्दल?" तो म्हणाला. "थँक्स ताई. मला वाटलं माझं कामच कुणाला आवडलं नाही."

मग दहा-अकरा दिवसांनी त्यानं मला रेकमेंडेशन लेटर मागितलं. मी दुसऱ्याच दिवशी लिहिलं, आणि या वेळी शहाणी होऊन लिहिलं. 'प्रश्न विचारतो. चुकीचं दिसलं तर बोलतो. स्वतःचा मान राखून काम करतो.' वाचून त्याचा लगेच फोन आला.

"ताई, राग नका मानू, पण हे वाचून मला कोण घेईल? अठ्ठेचाळीस दिवस उरलेत. ते जुनं वाक्य टाका ना यार, प्लीज."

मी तासभर त्या पत्रापुढे बसून राहिले. मग माझी तिन्ही वाक्यं खोडली आणि जुनं टाकलं. कधी तक्रार करत नाही. कुठल्याही परिस्थितीत अ‍ॅडजस्ट करून घेतो.

नऊ दिवस उरले असताना त्याला नोकरी लागली, व्हर्जिनियात, अ‍ॅशबर्नला. निघायच्या आदल्या दिवशी तो पेढे घेऊन आला. त्याला हसताना बघून मला इतकं हलकं वाटलं की मी दारातच त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

"तुमच्या लेटरनं काम झालं, ताई," तो म्हणाला. "नवा मॅनेजर ते वाक्य वाचून म्हणाला, आम्हाला अशीच माणसं हवी आहेत."

"माणसं म्हणाला?"

तो क्षणभर आठवत राहिला. "नाही. रिसोर्सेस म्हणाला बहुतेक. तेच ते."

पेढा देवापुढे ठेवते असं सांगून मी आत गेले. बाहेरून त्यानं दोनदा हाक मारली तरी मला बाहेर येववेना.