लाँड्रीवाला निवडणुकीला उभा राहतो

सगळी गल्ली त्याला कडक म्हणायची. माणूस लोण्यासारखा मऊ, कडक होती ती फक्त त्याची इस्त्री. दुकानदारांच्या बैठकीत त्याला कुणी कधी मत विचारलं नव्हतं. "कडक, जरा खुर्च्या मांड," एवढंच. म्हणून यंदा अध्यक्षपदाला तो हट्टाने उभा राहिला. समोर होता बेकरीवाला.

कॉलेजात जाणाऱ्या लेकीला बापाचं भारी कौतुक. "बाबा, लॅटिनमध्ये कॅंडिडस म्हणजे शुभ्र. रोममध्ये निवडणुकीला उभे राहणारे खडू फासून कपडे पांढरेशुभ्र करायचे, म्हणून ते कॅंडिडेट. आणि आडपडदा न ठेवता खरं बोलणाऱ्याला इंग्रजीत कॅंडिड म्हणतात, तोही शब्द तिथलाच."

"म्हणजे तेव्हाही आमच्यावाचून निवडणुकीचं पान हलत नव्हतं," कडक म्हणाला आणि बोलण्याच्या नादात इस्त्री तशीच ठेवून बसला.

शर्ट नेमका बेकरीवाल्याचा, संध्याकाळच्या भाषणासाठी खास दिलेला. पाठीवर हा एवढा तपकिरी डाग उठला.

बायको म्हणाली, "वरून कोट घालणार आहेत ते. कुणाला दिसतंय?"

कडकच्या मनात त्याहून वाईट आलं. सभागृहात उकडेल, कोट निघेल, हशा पिकेल आणि खुर्ची आपली. विचार इतका गोड होता की त्याची त्यालाच लाज वाटली. एका हातात तो शर्ट आणि दुसऱ्या हातात भाषणासाठी शिवलेला स्वतःचा नवा पांढरा शर्ट घेऊन तो तडक बेकरीत गेला.

"जाळला मी. आज हा घाला."

बेकरीवाल्याने आधी मनसोक्त तोंडसुख घेतलं, मग शर्ट घेतला. संध्याकाळी त्या ढगळ शर्टात उभं राहून त्याने सगळी हकिकत भर सभेत सांगितली. लोक पोट धरून हसले. कडकसाठी टाळ्या झाल्या, मतं मात्र बेकरीवाल्याला पडली. इतका भोळा अध्यक्ष कुणाला परवडणार?

कडकला वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी तो तोंड पाडून दुकानात बसला होता. तेवढ्यात बेकरीवाला आला. हे गिऱ्हाईक असं की कपडे देताना दोनदा मोजणार, घेताना तीनदा. आज त्याने घरभरच्या कपड्यांचं गाठोडं टेबलावर टाकलं आणि निघाला.

"अहो, मोजून द्या की."

"तुम्हीच मोजा आणि मला सांगा," मान न वळवता अध्यक्ष म्हणाले.