पिंजऱ्यावरचा लाल बाण

शर्टातल्या खोडी काढण्याचा मला तेहेतीस वर्षं पगार मिळाला. निवृत्त झाल्यापासून तेच काम मी फुकट करतो, आणि ते शर्टापुरतं ठेवत नाही.

कपड्यांच्या कारखान्यात मी शेवटचा चेकर होतो. शिवून, इस्त्री होऊन शर्ट माझ्या टेबलावर यायचा. मी कॉलरपासून सुरुवात करायचो, उजवीकडून गोल फिरत खाली यायचो आणि सुटलेला टाका किंवा तिरकं बटण दिसलं की तिथे नखाएवढा लाल बाण चिकटवायचो. बाण म्हणजे कागदी स्टिकर. त्यांची गुंडाळी कायम खिशात असायची, अजूनही असते, आणि हाताला असं वळण लागलं होतं की बाण कधी लावला ते मलाच कळायचं नाही. शिलाई करणाऱ्या बायका पाठीमागे मला खोडसाहेब म्हणायच्या. हे मला निरोप समारंभात कळलं, तेही भाषणातून. सगळे हसले. मीही हसलो, पण माझं अर्धं लक्ष पुष्पगुच्छाच्या फितीकडे होतं, कारण तिचं एक टोक लांब होतं.

घरीही हेच. मुलगा आठवीत असताना त्याने शाळेत लाकडाचं स्टूल बनवलं आणि आईसाठी घरी आणलं. मी ते उलटंपालटं करून पाहिलं आणि मागच्या डाव्या पायाला बाण लावला, कारण तो अर्धं बोट आखूड होता. दुरुस्त करता यावा म्हणून लावला, असं मी तेव्हा म्हणालो. आजही कोणी विचारलं तर तेच म्हणेन, पण कोणी विचारत नाही. त्यानंतर मुलाने मला काही दाखवलं नाही. आता तो दुसऱ्या शहरात नोकरी करतो, दर रविवारी सकाळी फोन करतो, आणि मी उचलला तर म्हणतो, "बाबा, बरे आहात ना? आईला द्या."

या उन्हाळ्यात बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी दोन महिने फारसं चालू नका म्हणून सांगितलं. आठवडाभर ती खिडकीपाशी बसून राहिली आणि मग म्हणाली, घरात काहीतरी बोलणारं आणा, एखादा पक्षी आणा. मी म्हणालो, मी आहे की.

"तुम्ही बोलत नाही," ती म्हणाली. "तुम्ही सांगता."

म्हणून मी शनिवारी पक्ष्यांच्या दुकानात गेलो. दुकान एका बाईंचं होतं. त्यांचा चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला असायचा आणि पदरावर धान्याची टरफलं. आत खाली माशांच्या काचेच्या पेट्या, वर पिंजरे, आणि इतका कलकलाट की बाईंना आधी पिंजऱ्यांवर हात आपटून पक्ष्यांना गप्प करावं लागायचं, मग ग्राहकाशी बोलता यायचं. मी पहिल्या पिंजऱ्यापासून सुरुवात केली, उजवीकडून गोल. पिवळ्याच्या शेपटीत एक पीस कमी होतं. हिरवा उगाच डोळे मिटत होता. बाई म्हणाल्या, दुपारची वेळ आहे, झोप येतेय त्याला. मला ते पटलं नाही.

निळा मात्र मला आवडला. मुठीएवढा पोपट, गळ्याखाली काळे ठिपके, आणि ठिपक्यांतलं अंतर अगदी सारखं. मी वाकलो तर तो दांडीवरून सरकत जवळ आला आणि तारेतून चोच बाहेर काढून माझ्या शर्टाचं बटण ओढायला लागला. चांगलं घट्ट बटण होतं, तरी त्याने सोडलं नाही. मी खूश झालो. मग मी खाली बघितलं. त्याच्या उजव्या पायाचं एक बोट वाकडं होतं. बघू म्हणालो आणि घरी आलो.

"आज काय निघालं?" बायकोने विचारलं. मी सांगितलं. तिने खिडकीकडे तोंड फिरवलं.

पुढचे दोन शनिवार मी गेलो. निळ्याने दोन्ही वेळा बटण ओढलं, मी दोन्ही वेळा बघू म्हणालो. लग्न ठरवतानाही मी इतका वेळ घेतला नव्हता. तेव्हा बघायला आलेल्या लोकांत मीच सगळ्यात घाबरलेला होतो, म्हणून खोड काढायचं राहून गेलं असावं.

चौथ्या शनिवारी निळा पिंजऱ्यात एकटाच होता. बाकीचे सगळे विकले गेले होते. बाई म्हणाल्या, काय कळत नाही, लोक येतात, याच्यावर खूश होतात, मग पायाकडे बघतात आणि दुसराच घेऊन जातात. इतकी वर्षं दुकान चालवतेय, गिऱ्हाईक पक्ष्याची बोटं कधी बघत नव्हतं. सोमवारी गाडी येईल तेव्हा याला परत पाठवते.

परत पाठवल्यावर काय होतं, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, ते मी विचारत नाही.

मी खाली वाकलो. पिंजऱ्याच्या पुढच्या पट्टीवर, निळा नेहमी बसायचा त्या जागेच्या बरोबर खाली, नखाएवढा लाल बाण होता. वर, वाकड्या बोटाकडे रोखलेला. अगदी सरळ लावलेला होता, हेही माझ्या लक्षात आलं.

मी नखाने तो खरवडायला लागलो. हे बाण कापडावरून चटकन निघतात, रंगवलेल्या पत्र्यावरून निघत नाहीत. बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि काय करताय म्हणून विचारलं. पळून जावं असं मनात आलं, पण पिंजऱ्यांमधून वाट अरुंद होती आणि निळ्याने बटण धरलं होतं. मी कबूल केलं. तेहेतीस वर्षांची सगळी हकीकत सांगितली. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "मग आता काय करू? पाठवू?"

आणि एवढं झाल्यावरही मी काय विचारलं? याच रंगात सरळ बोटाचा येणार आहे का. बाईंनी चष्मा काढून पुन्हा गळ्यात सोडला. मला माझीच लाज वाटली, पुरेपूर वाटली. मी दुकानाबाहेर जाऊन बायकोला फोन लावला आणि म्हणालो, एक आहे, पण त्याचं बोट वाकडं आहे, तोच तो.

"दांडीवर बसतो ना नीट?" तिने विचारलं.

"बसतो."

"मग घेऊन या. सगळं सरळ असलेला एक आहे आपल्याकडे. चौतीस वर्षं झाली, अजून बोलायला शिकला नाही."

मी निळ्याला घरी आणलं. पिंजरा खिडकीपाशी ठेवायचा होता आणि तेवढ्या उंचीचं घरात एकच होतं, स्वयंपाकघरातलं ते स्टूल. मी ते उचललं तर मागच्या डाव्या पायावर, आतल्या बाजूला, बाण अजून होता. रंग उडून गुलाबी झाला होता. काढला का नाहीस, असं मी बायकोला विचारलं. ती म्हणाली, लावणाऱ्याने काढायचा. बोटं ओली करून मी तो चोळत बसलो. निघायला बराच वेळ लागला.

पिंजरा ठेवल्यावर स्टूल डुगडुगलं. निळ्याने वाकड्या बोटाने दांडी आवळली, अंग दुसरीकडे टाकलं आणि मजेत बसला.

दुसऱ्या दिवशी रविवार. फोन वाजला, मी उचलला. मुलगा म्हणाला, बरे आहात ना, आईला द्या. मी म्हणालो, देतो, पण तू केलेल्या स्टुलावर आम्ही पिंजरा ठेवलाय.

मला वाटलं फोन कटला.

"अजून डुगडुगतं?" त्याने विचारलं.

मागचा डावा पाय अर्धं बोट आखूड आहे, हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. आकडाही बरोबर होता.

"पक्ष्याला आवडतं," मी म्हणालो.

"कसला पक्षी?"

मी सांगायला लागलो. रंग सांगितला, ठिपके सांगितले, बटणाचं सांगितलं. तो हसला आणि त्याने आणखी विचारलं. बोटाचं मी सांगितलंच नाही. आईला द्या असं तो पुन्हा म्हणाला नाही. शेवटी मीच फोन तिच्याकडे दिला.