दुसरा ओटा

माझ्या थोरल्या भावानं मला फसवलं, आणि तेही मीच घासाघीस करून मिळवलेल्या दगडावर. कुठं ओल्या सिमेंटचा वास आला की आजही ते सगळं आठवतं. स्वयंपाकघरातला जुना ओटा खचला होता. "तू दगड आण, बाकी मी बघतो," भाऊ म्हणाला. मी औरंगपुऱ्यातल्या दुकानदाराशी दुपारभर भांडलो आणि काळ्या कडप्प्याची एक लादी वर फुकट पदरात पाडून घेतली. "तुझ्या लेकीचा पहिला वाढदिवस हाय, म्हैसमाळला चार दिवस राहून या. इथं लई धूळ उडंल," असा आग्रहही भावानंच केला. आम्ही परतलो तेव्हा स्वयंपाकघरात नवा ओटा चकाकत होता, आणि आम्ही निजायचो त्या मागच्या अंधाऱ्या खोलीत दुसरा ओटा उभा होता. त्यावर माझी फुकटची लादी बसवलेली होती आणि बायकोचे डबे आधीच मांडून ठेवले होते. "दादा, हे काय?" मी ओरडलो. "सोय केली रे तुमची." "वेगळं काढलं म्हण की सरळ!" आईनं नातीसाठी शिरा केला होता. तो कुठल्या ओट्यावर ठेवावा हे तिला कळेना, म्हणून ती ताटली हातात घेऊनच उंबऱ्यावर बसून राहिली. आता आई नाही. भाऊ मात्र अजून लग्नकार्यात चारचौघांना सांगतो, धाकट्याची सोय केली होती म्हणून. चूलच वेगळी करायची होती, तर दादा, म्हैसमाळला धाडायच्या आधी तोंडावर का नाही बोललास? दे उत्तर.